मोबाईलचा अतिवापर व विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य

(साकोली तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांकरिता; केंद्रसंमेलनात वाचन व चर्चेसाठी)

१. प्रश्नाचे स्वरूप

पाटीवरची बेरीज चुकली तर ती पुसून पुन्हा मांडता येते. परंतु मूल वर्गात बसलेले असूनही वर्गात नसेल, तर त्याला परत कसे आणावे, याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात दिलेले नाही. हा अनुभव आता खेड्यातील शिक्षकालाही येऊ लागला आहे. पहिल्या तासालाच मूल जांभया देऊ लागते. धडा चालू असता त्याचे डोळे फळ्यावर असतात, चित्त नसते. खेळाच्या तासाला ते कडेला उभे राहते आणि एखाद्या साध्या शब्दावरून सोबत्यावर चिडते. घरी चौकशी केली म्हणजे कळते की, रात्री घरातील मंडळी निजल्यावरही मुलाच्या पांघरुणाखाली मोबाईलचा उजेड होता.

हा प्रश्न शहरातला आहे, खेड्यातला नव्हे, ही समजूत आता टिकण्याजोगी राहिली नाही. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ या अहवालाची २०२४ सालची आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी जवळजवळ ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता आणि सुमारे ८२ टक्क्यांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात त्याचा अभ्यासाकरिता काही उपयोग केला होता; समाजमाध्यमांकरिता उपयोग करणारे मात्र ७६ टक्के होते. ही मुले माध्यमिक वयाची आहेत हे खरे. परंतु सवय त्या वयात उगवत नाही. तिचे बी प्राथमिक शाळेच्या वयात पडते. म्हणून हा विषय प्राथमिक शिक्षकाच्या कक्षेत येतो.

२. मोबाईल मुलाच्या हाती कसा आला

रोगाचा उपाय शोधण्यापूर्वी त्याचा उगम पाहावा लागतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे घोषवाक्य घेऊन अभ्यास मोबाईलवरून पाठविण्यात आला. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता आणि अनेक शिक्षकांनी तो मार्ग मोठ्या कष्टाने चालविला. तथापि, त्याचा एक परिणाम मान्य केला पाहिजे. ज्या घरात मुलाने मोबाईलला हात लावू नये असा धाक होता, त्या घरात तो शाळेच्या नावाने मुलाच्या हाती गेला. साथ ओसरली, शाळा उघडल्या. परंतु दिलेली वस्तू परत घेण्याचे राहून गेले. आजही पुष्कळ ठिकाणी गृहपाठ व्हॉट्सअॅपवर जातो आणि ‘गुरुजींनी अभ्यास पाठविला आहे’ एवढे सांगून मूल मोबाईल मागून घेते. अभ्यास दहा मिनिटांत उरकतो. मोबाईल दोन तास परत येत नाही.

दुसरे कारण गावाच्या राहणीत आहे. साकोलीचा भाग धानाचा. रोवणीच्या दिवसांत आणि पुढे कापणीच्या वेळी आईबाप दिवसभर बांधीत असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले आणि मागाहून तेंदूपत्ता वेचण्यासाठी भल्या पहाटे रानात जावे लागते. घरी राहिलेल्या लहान मुलाने रडू नये, तळ्याकडे जाऊ नये, म्हणून त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. या मातापित्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या घरात मूल सांभाळायला माणूस नाही, तेथे मोबाईल हाच सांभाळणारा झाला आहे. शिक्षकाने पालकांशी बोलताना ही गोष्ट मनात ठेवावी; नाही तर त्याचा उपदेश ऐकून घेतला जाईल, पण आचरला जाणार नाही.

३. मन का गुंतते

मुलाची इच्छाशक्ती दुबळी आहे म्हणून ते गुंतते, असे म्हणणे अपुरे आहे. अध्यापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिक्षकांनी बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग अभ्यासलेले असतात. कळ दाबताच प्रत्येक वेळी दाणा मिळतो असे कळलेला प्राणी पोट भरले की थांबतो. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल, तर मात्र तो पुनःपुन्हा कळ दाबीत राहतो आणि दाणा बंद झाला तरी ती सवय लवकर सुटत नाही. तळ्याच्या काठी गळ टाकून बसणाऱ्याची स्थिती अशीच असते. मासा आता लागेल, मग लागेल, या आशेवर सांज होते तरी पाय निघत नाही.

मोबाईलवरील आखूड चित्रफिती याच तत्त्वावर रचलेल्या आहेत. दहांपैकी एखादी मनाला भिडते. ती कोणती हे आधी ठाऊक नसते. एक संपताच दुसरी आपोआप सुरू होते. पुस्तकाला शेवटचे पान असते, नाटकाचा पडदा पडतो, खेळाचा डाव संपतो. येथे शेवटच ठेवलेला नाही, आणि शेवट नसलेल्या गोष्टीतून उठणे मोठ्यांनाही जड जाते. टिकटॉक या अॅपवर भारत सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातली. तथापि, थोड्याच दिवसांत तशाच चित्रफिती इन्स्टाग्राम व यूट्यूब यांवर मिळू लागल्या. एक दार लावल्याने प्रश्न सुटत नाही, हे त्यावरून दिसते.

समाजमाध्यमांत दुसरेही एक बंधन आहे. ते तुलनेचे. आपल्या छायाचित्राला किती जणांनी पसंती दिली, मैत्रिणीच्या छायाचित्राला किती मिळाल्या, हे मूल मोजू लागते. वर्गातील चिडवाचिडवी पूर्वी शाळा सुटली की संपत असे. आता ती गटातील संदेशांतून मुलाच्या मागोमाग घरी जाते. बहुतेक समाजमाध्यमांच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे खाते उघडण्यास किमान १३ वर्षे वय लागते. सबब प्राथमिक वर्गातील मुलाचे खाते असेल, तर ते खोट्या वयावर उघडलेले असते. ही गोष्ट पालकांना ठाऊक नसते. ती सभेत स्पष्ट सांगावी.

४. मनावर व देहावर होणारे परिणाम

पहिला घाला झोपेवर पडतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. अपुऱ्या झोपेने लक्ष विचलित होते, शिकलेले पक्के बसत नाही आणि राग लवकर येतो. पुष्कळदा ‘मूल मंद आहे’ अथवा ‘मूल उद्धट झाले’ असा शेरा मिळतो. वस्तुतः ते अपुऱ्या झोपेचे असते.

दुसरा घाला खेळावर पडतो. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आट्यापाट्या, लंगडी, कबड्डी यांत शरीराबरोबर मनाचेही शिक्षण होते. हरणे सोसावे लागते, आपला डाव येईपर्यंत थांबावे लागते, भांडण मिटवून पुन्हा खेळावे लागते. हे शिक्षण पडद्यावर मिळत नाही.

तिसरा परिणाम मनःस्थितीवर दिसतो. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचे तत्कालीन प्रमुख डॉ. विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये एक सूचनापत्र काढले. दिवसाला ३ तासांहून अधिक काळ समाजमाध्यमांवर घालविणाऱ्या किशोरवयीन मुलांत उदासी व चिंता यांची लक्षणे दिसण्याचा धोका दुप्पट असतो, असे त्यात नमूद आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही मोबाईलवरील व तत्सम खेळांच्या व्यसनाला आपल्या रोगांच्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले.

येथे शिक्षकाने एक विवेक राखणे अवश्य आहे. मोबाईल आणि उदासी एकत्र दिसतात, एवढ्यावरून मोबाईलमुळेच उदासी आली असे ठरत नाही. कित्येकदा क्रम उलटा असतो. घरात दारू आणि भांडण आहे, आई कामासाठी दूर गेली आहे, वर्गात कोणी सोबती नाही, वाचता येत नसल्याची लाज वाटते. असे मूल विसाव्यासाठी मोबाईलकडे जाते. अशा मुलाचा मोबाईल हिसकावून घेतला, तर त्याचा विसावा जातो आणि दुःख तसेच राहते. मोबाईल काढून घेतल्याच्या रागात मुलांनी जिवाचे बरेवाईट करून घेतल्याच्या बातम्या महाराष्ट्रातही येऊन गेल्या आहेत. म्हणून आधी मुलाला विचारावे आणि मग मोबाईलचा विचार करावा, हा क्रम शिक्षकाने स्वतः पाळावा व पालकांनाही समजावून द्यावा.

५. दोन गावांचे ठराव

या प्रश्नावर महाराष्ट्रातील दोन खेड्यांनी २०२२ साली ग्रामसभेतून उपाय योजले. दोहोंचा अभ्यास उपयुक्त आहे.

पहिले गाव सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव. लोकवस्ती सुमारे तीन हजार. शाळा पुन्हा उघडल्यावर मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही, ती मोबाईलमध्येच रमलेली असतात, अशी शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढे मांडला. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाच्या सभेत निर्णय झाला आणि स्वातंत्र्यदिनापासून तो अंमलात आला. सायंकाळी ७ वाजता देवळावरील भोंगा वाजतो. त्याबरोबर घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे अथवा एकमेकांशी बोलावे, अशी योजना आहे. प्रारंभी काही जणांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. तेव्हा गावातील स्त्रियांशी बोलणे झाले, आणि आपलाही पुष्कळ वेळ मालिका व मोबाईल यांत जातो हे त्यांनी मान्य केले. पुढे अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांना समजाविले.

दुसरे गाव विदर्भातीलच, यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातले बान्सी. तेथील ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला.

दोन्ही गावांची कळकळ सारखीच आहे. परंतु दोन ठरावांत भेद आहे. बान्सीचा ठराव मुलांपुरता आहे. वडगावचा ठराव सर्वांकरिता आहे, मात्र तो दीड तासापुरता आहे. प्राथमिक शाळेच्या दृष्टीने दुसरा मार्ग अधिक अनुकरणीय वाटतो. लहान मूल सांगण्यापेक्षा पाहण्याने अधिक शिकते. बाप मोबाईल पाहत ‘अभ्यास कर’ म्हणतो, तेव्हा मुलाच्या मनावर शब्द उमटत नाहीत, कृती उमटते. शिवाय वडगावात मुलाकडून काही काढून घेतले एवढेच झाले नाही. त्याला दीड तासापुरते आईबाप परत मिळाले.

जगातही विचार याच दिशेने चालला आहे. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये केला व १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. त्यात दंड मुलाला वा पालकाला नाही. जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. मुलाच्या आधी मोठ्यांनी जबाबदारी घ्यावी, हे सूत्र वडगावच्या भोंग्यात व त्या कायद्यात एकच आहे.

६. वर्गातील पाठ (इयत्ता पाचवी ते सातवी)

पूर्वतयारी. प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत एक मोठे वर्तुळ काढून त्याचे २४ समान भाग करावेत. एक भाग म्हणजे एक तास.

प्रस्तावना. ‘काल सूर्य मावळल्यापासून निजेपर्यंत काय काय केले?’ असे दोघातिघांना विचारावे. मोबाईलचा उल्लेख शिक्षकाने आधी करू नये. तो मुलांकडून यावा. उत्तर ऐकून रागावू नये. एकदा रागावल्यास पुढची उत्तरे खरी येणार नाहीत.

हेतुकथन. ‘आपला दिवस कोठे खर्च होतो ते आज मोजून पाहू.’

विषयविवेचन. झोपेचे ९ भाग, शाळेचे ६ भाग आणि स्नान, जेवण व इतर आवश्यक गोष्टींचे ३ भाग रंगवावेत. बेरीज १८ होते, उरतात ६. या सहा भागांतच खेळ, घरकाम, अभ्यास, गप्पा आणि मोबाईल ही सर्व मावली पाहिजेत. मोबाईलला ३ भाग दिले, तर मोकळ्या वेळेतील निम्मा वेळ गेला, हे मुलांच्या डोळ्यांना दिसते. वेळ कोणत्या कामातून कापला गेला ते मुलांनीच सांगावे.

यानंतर गुणाकार द्यावा. रोज २ तास याप्रमाणे वर्षाचे ७३० तास होतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान ८०० तास अध्यापन व्हावयाचे असते. म्हणजे दोन तासांचा मोबाईल जवळजवळ शाळेच्या एका वर्षाएवढा होतो. सहावी ते आठवीकरिता हा आकडा १००० तासांचा आहे; रोज ३ तास मोबाईल पाहणाऱ्याचे १०९५ तास होतात, म्हणजे शाळेहून मोबाईलचे वर्ग अधिक भरतात. हे गणित मुलांनी स्वतः करावे. स्वतः काढलेले उत्तर उपदेशापेक्षा खोल रुजते.

उपयोजन. मोबाईलने कोणती चांगली कामे होतात त्यांची यादीही फळ्यावर करावी. दूर कामाला गेलेल्या बापाशी बोलणे, हवामान पाहणे, दीक्षा अॅपवरील धडा पाहणे, आजारपणात रुग्णवाहिका बोलावणे. मोबाईल वाईट नाही. त्याला वेळेची वेस हवी, हा निष्कर्ष मुलांकडून काढून घ्यावा.

गृहपाठ. असेच वर्तुळ घरातील एका मोठ्या माणसाला विचारून त्याचे काढून आणावे. हे वर्तुळ वर्गात वाचून दाखवू नये. ते घरी बोलणे सुरू व्हावे एवढ्याचसाठी आहे.

७. शाळेची व गावाची कामे

आरंभ शाळेने स्वतःपासून करावा. गृहपाठ फळ्यावरून वहीत लिहून द्यावा. मोबाईलवर पाठवू नये. पालकांना सूचना द्यावयाच्या असल्यास त्या सायंकाळपूर्वी पाठवाव्यात. पोषण आहाराची दैनिक नोंद व इतर माहिती शिक्षकांना मोबाईलवरूनच भरावी लागते, हे खरे. ते काम तासाबाहेर करावे. आणि तासात करणे भागच पडल्यास ‘हे शाळेचे काम आहे’ असे मुलांना सांगून करावे. शिक्षकाच्या हातातील मोबाईल मुले पाहत असतात.

त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीपुढे सायंकाळच्या एका सामाईक तासाचा विषय ठेवावा व समितीच्या संमतीने तो ग्रामसभेत न्यावा. गाव मोठे असल्यास एका मोहल्ल्यापासून प्रारंभ करावा. वेळ गावाच्या कामाप्रमाणे ठरवावी. रोवणीत लोक उशिरा घरी येतात, तेव्हा वडगावची वेळ येथे जशीच्या तशी उचलू नये. गावाने ठरावीक वेळी एकत्र थांबावे ही रीत विदर्भाला नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना सायंकाळी एका ठरलेल्या वेळी अनेक गावांत होत आली आहे.

मोकळा झालेला तास रिकामा ठेवू नये. रिकाम्या जागेत जुनी सवय परत येते. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके कपाटात न ठेवता घरी द्यावीत. झाडीबोलीतील गोष्टी, म्हणी व कोडी आजीआजोबांकडून ऐकून वहीत उतरविण्याचे काम मुलांना द्यावे. मंडईच्या दिवसांत होणारी दंडार आणि झाडीपट्टीची नाटके यांविषयी घरच्या जाणत्यांना प्रश्न विचारण्यास सांगावे. अशा गृहपाठात मोठ्यांनाही मुलाजवळ बसावे लागते, आणि तेच साधावयाचे आहे. घरांसाठी आणखी एक नियम पुरेसा आहे. रात्री निजताना घरातील सर्व मोबाईल एकाच ठिकाणी, अंथरुणापासून दूर ठेवावेत, मोठ्यांचेही.

८. काळजीची चिन्हे

पुढील चिन्हे दोन आठवड्यांहून अधिक दिसत राहिल्यास शिक्षकाने दुर्लक्ष करू नये. पूर्वी खेळणारे मूल एकटे बसू लागणे. भूक व झोप बदलणे. वारंवार डोके वा पोट दुखल्याची तक्रार. विनाकारण रडणे वा संतापणे. शाळेत येणे टाळणे. मोबाईलवर संदेश येताच घाबरणे. यांपैकी शेवटचे चिन्ह कोणी धमकावीत अथवा फसवीत असल्याचे असू शकते. ‘मी नसलो तर बरे’ अशा अर्थाचे बोलणे मात्र एकदाच ऐकू आले तरी ते थट्टेवारी नेऊ नये. त्याच दिवशी पालकांना भेटावे आणि मुलाला एकटे राहू देऊ नये.

अशा मुलाशी वर्गासमोर बोलू नये. बाजूला बसवून कमी प्रश्न विचारावेत व अधिक ऐकावे. मारणे, अपमान करणे, नाव घेऊन उदाहरण देणे सर्वथा वर्ज्य. २००९ च्या कायद्याच्या कलम १७ नेही शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा अथवा शाळेत तपासणीस येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाचा सल्ला घ्यावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मानसिक आधार व सल्ला मिळतो. संकटातील बालकासाठी १०९८ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावेत.

९. चर्चेकरिता प्रश्न

(१) शाळेतून मोबाईलवर पाठविले जाणारे कोणते काम वहीतून करता येईल?
(२) रोवणी, कापणी व तेंदूपत्ता यांच्या दिवसांत लहान मुलांना सांभाळण्यासाठी गावात कोणती सोय होऊ शकेल?
(३) गावात सामाईक तास ठरविल्यास त्याची खूण कोणती असावी? भोंगा, शाळेची घंटा की देवळातील घंटा?
(४) गेल्या महिन्यात वर्गातील कोणते मूल बदललेले दिसले? त्याच्याशी कोण बोलले?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर संमेलनात सांगावयाचे नाही. ते प्रत्येक शिक्षकाने शाळेत परतल्यावर त्या मुलाजवळ बसून शोधावयाचे आहे.